बाईची खांदशेकणी

सकाळची बॅच सुटली की मी गॅलरीत खुर्ची टाकून बसते. तोंडाला संत्र्याच्या सालींची पूड दह्यात कालवून लावलेली, केसांना जवसाचा चिकट काढा, पाय समोरच्या स्टुलावर. खाली राजापेठेचा रस्ता. हॉर्न, क्लासला पळणारी पोरं, भाजीवाल्याचा भोंगा. जाता-येता कोणीतरी वर पाहतं आणि दचकून खाली पाहतं. पाहू दे. त्या अर्ध्या तासात मी कोणाची मॅडम नसते, कोणाची आई नसते आणि गणित तर मला मुळीच येत नसतं.

या वेळात दार वाजलं तर मी तोंड धुवायला पळत नाही. तशीच उठते, तसंच दार उघडते. एकदा एका विद्यार्थ्याचे वडील बॅचची वेळ विचारायला आले होते. माझं तोंड पाहून ते पायरीवरून मागे सरकले. मग सावरून म्हणाले, "मॅडम, तब्येत बरी नाही का?"

"ठणठणीत आहे," मी म्हटलं.

"मग घरी लग्नकार्य?"

"नाही."

बाईनं तोंडाला काही चोपडलंय, ती आजारीही नाही आणि घरी लग्नही नाही, हे गणित त्यांना सुटेना. बॅचची वेळ न विचारताच ते गेले. मीही त्यांना थांबवलं नाही, कारण दही वाळत आलं होतं.

त्यांना तरी काय बोल लावायचा? आपल्याकडे बाईच्या अंगाला तेल-हळद लागायला परवाना लागतो. नवरी झालीस, लाव. बाळंतीण झालीस, चांगली शेकशेगडी घे. आजारी पडलीस, डॉक्टरांनी सांगितलंय, मग लाव बाई. यातलं काहीच नसताना लावलंस तर ती थेरं. त्यात पन्नाशी जवळ आलेली असेल तर म्हातारचळ. मी नवरी होऊन गेले, बाळंतीण होऊन गेले, आणि नंतर कितीतरी वर्षं माझ्या अंगाला साबणाशिवाय काही लागलं नाही. मग मला तिसरा परवाना मिळाला.

फळ्यावर वर्तुळ काढत होते. खालचा अर्धा भाग निघाला, वरचा निघेना. हात खांद्याच्या वर जायलाच तयार नाही. पोरांना वाटलं मॅडम काही गंमत करताहेत. मी दात-ओठ खाऊन हात रेटला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर आहे, वेळ लागेल. व्यायाम करा, शेक घ्या, कोमट तेलानं हलक्या हातानं चोळा.

फळ्याचं काही नाही, मी पोरांकडून वर्तुळं काढून घेतली. मला रडवलं ते केसांनी. आंबाडा बांधायला दोन्ही हात मानेमागे जावे लागतात आणि माझा उजवा हात कानापर्यंतही पोचत नव्हता. केस बांधता न येणं ही ऐकायला किरकोळ गोष्ट आहे. पण रोज सकाळी नवऱ्यापुढे पाठ करून बसायचं आणि त्यानं दावं वळल्यासारखी वेणी घालून द्यायची, आणि तीच घेऊन वर्गात उभं राहायचं, यानं मी आतून खचत गेले. माझ्याच डोक्यावर माझा हात चालत नव्हता.

नवरा माणूस भला आहे. त्यानं तिळाचं तेल कोमट करून माझा खांदा चोळायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मी दुखेल म्हणून अंग चोरून बसले होते. थोड्या वेळानं लक्षात आलं की दुखणं बाजूलाच राहिलं, मला बरं वाटतंय. नुसतं बरं नाही, छान वाटतंय. घाई नसलेला हात माझ्या अंगावर शेवटचा कधी पडला होता ते मला आठवेना. मला त्या दिवशी आनंद झाला आणि त्या आनंदाची चोरी वाटली, दोन्ही एकदम.

तेल लावून झालं की शेकायची पिशवी खांद्यावर घेऊन गॅलरीत अर्धा तास गप बसायचं होतं. रिकामं बसायची मला सवय नाही. पण डावा हात मोकळा होता. घरात हिवाळाभर संत्री खाल्ली जायची आणि साली कचऱ्यात जायच्या. त्या मी गच्चीवर सावलीत वाळवल्या, मिक्सरमधून काढल्या. गावाहून आलेली जवसाची थैली डब्यात पडून होती. मूठभर जवस पाण्यात उकळलं, तार धरायला लागल्यावर फडक्यातून गाळलं. लग्नात आलेली काशाची वाटी काढली आणि तूप लावून तळपायाला घासू लागले. वाटी घासली की तळवा काळा होतो, आणि लोक म्हणतात अंगातली उष्णता निघाली. ते खरं की खोटं मला ठाऊक नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यापुढे वाटी ती किती पुरणार! पण पाय असे हलके होतात की झोप गाढ लागते, आणि मला तेवढं पुरे आहे.

घरात कोणी हसलं नाही. आजारी बाई काहीही करू शकते.

त्या वर्षी पोळ्याला आम्ही नेहमीप्रमाणे सासरच्या गावी गेलो. अकोल्याच्या वाटेवर मूर्तिजापूर ओलांडलं की आत वळावं लागतं. तिथं सासूबाई, माझे भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, आणि माझी मोठी जाऊ राहतात. शेती तेच पाहतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वऱ्हाडात बैलांची खांदशेकणी असते. बैलाला धुऊन-पुसून उभं करायचं, जिथं वर्षभर जू बसतं त्या खांद्याला हळद-तूप लावायचं, पळसाच्या पानानं शेकायचं आणि त्याला हात जोडून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी त्याला काम नाही. ही रीत मला लहानपणापासून फार आवडते. जनावराला मान देणारी माणसं मनानं वाईट नसतात, असं मला वाटायचं.

पण आता आमच्या गोठ्यात बैल नव्हते. शेवटची जोडी भासऱ्यांनी विकली होती आणि अंगणात लाल ट्रॅक्टर उभा होता. मला वाटलं या वर्षी खांदशेकणी होणार नाही. भासरे रीतीचे पक्के. त्यांनी ट्रॅक्टर धुतला, पुसला, पळसाची पानं आणली आणि मला हाक मारली, "मास्तरीणबाई, तुपाची वाटी आना बरं."

मी वाटी घेऊन गेले. डाव्या हातात, कारण उजव्यात धरवत नव्हती. भासऱ्यांनी हळद-तुपात पान बुडवलं आणि बोनटच्या दोन्ही बाजूंना, बैलाचा खांदा असता तिथं, हळूहळू चोळलं. इतक्या मायेनं, की मी पाहतच राहिले. मग हात जोडले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला आधी हसू आलं. ट्रॅक्टर जेवायला येणार! आणि हसता हसता राग आला. असा आला की कान तापले. पत्र्याला तूप, लोखंडाला आवतण, आणि वाटी धरून उभी असलेली बाई आपले केस आपण बांधू शकत नाही. राग आला की मी माझ्या माहेरच्या भाषेवर येते. मी वाटी खाली ठेवली, तिथंच चाकाजवळ जमिनीवर फतकल मारून बसले आणि म्हटलं, "भाऊजी, आता माह्या खांद्याले लावा."

भासरे धाकट्या भावाच्या बायकोला हात कसा लावणार? ते ट्रॅक्टरकडे पाहू लागले. माझ्या नवऱ्याला एकाएकी मोबाइलमध्ये फार महत्त्वाचं काही दिसलं. ओसरीवरून सासूबाई कडाडल्या, "लाज कुठं टाकून आली वं? उठ तेथून."

"खांदा दुखते, आई."

"दुखते तं घरात जाऊन लाव. अंगनात कायले तमाशा करून राहिली?"

मी उठले नाही. खरं सांगायचं तर उठता येत नव्हतं, एका हाताचा आधार घेऊन उठणं सोपं नसतं. पण येत असतं तरी उठले नसते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून जाऊबाई बाहेर आल्या. माझ्या जाऊबाई फार बोलत नाहीत. पहाटे उठतात, शेतात जातात, येतात, रांधतात. त्यांनी हाताला लागलेली कणीक पदराला पुसली, पळसाचं एक पान उचललं, कोमट तुपात बुडवलं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं. ब्लाउजला हळदीचे डाग पडले ते पडले. त्यांचा हात खरबरीत, पण दाब कसा द्यायचा ते त्या हाताला बरोबर कळत होतं. शेकून झाल्यावर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि मग हळूच, "सैपाक बी तुमीच करजा."

मी खदखदून हसले. त्या हसल्या नाहीत, आत निघून गेल्या. पुरण शिजत होतं.

परत आल्यावर आमच्या दोघींचे फोन सुरू झाले. आधी आम्ही सणावारापुरत्या बोलायचो. आता त्या दुपारी फोन करून विचारायच्या, "आज काय लावलं वं?" मी सांगायची. एकदा त्या म्हणाल्या, माझ्या टाचा पाहशील तर घाबरशील. मला ठाऊक होत्या त्या टाचा. काळ्या मातीत वर्षानुवर्षं अनवाणी वावरून भेगा अशा की त्यात माती कायमची वस्तीला आलेली. चिखलदऱ्याला गेलो होतो तेव्हा मधवाल्याकडून मेणाचा गोळा आणला होता. तो तिळाच्या तेलात वितळवला, बरणीत भरला आणि गावी जाणाऱ्याच्या हाती धाडला.

जाऊबाईंनी बरणी डाळीच्या डब्यामागे लपवली. घरचे दुपारी लवंडले की त्या मागच्या दाराशी बसून टाचांना लावायच्या. आपल्याच घरात, आपल्याच पायांना, लपून. फोनवर सांगायच्या, "वं बाई, भेगा मिटून राहिल्या. चप्पल घालावं वाटते आता." एवढा उत्साह मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

मग सासूबाईंना बरणी सापडली. त्यांनी जाऊबाईंना एकच विचारलं, "कुठं जाचं हाये तुले, पाय सजवून?" सासूबाईंनी उरलेलं मलम मागच्या दाराच्या बिजागरीला लावलं, कारण ते दार फार कुरकुरायचं. हे सांगताना जाऊबाई फोनवर हसत होत्या आणि म्हणत होत्या, दार आता कसं गपगार झालं. मी नाही हसले. तुपाचा मान ट्रॅक्टरला, तेलाचा मान बिजागरीला. मी दुसरी बरणी करते म्हटलं तर त्या म्हणाल्या, "राहू दे. मले काय दुखनं हाये?"

इकडे माझा खांदा सुटत चालला होता. एका सकाळी सवयीनं हात वर केला आणि तो गेला. कानाच्या वर, डोक्याच्या मागे. मी डावा हातही मागे नेला आणि आंबाडा बांधला. सैल, वाकडा, पण माझा. आरशासमोर उभं राहून मी रडले. नवऱ्याला हाक मारून दाखवला. त्याला खरंच आनंद झाला.

दुसऱ्या दिवसापासून तेल कोमट होणं बंद झालं. त्यात काही वाईट हेतू नव्हता. आजार संपला, औषध संपलं. त्या आठवड्यात गॅलरीतल्या खुर्चीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. मग नवरा म्हणाला, "आता त्या अर्ध्या तासात दहावीची एक बॅच बसू शकेल की नाही?" माझा अर्धा तास माझ्या डोळ्यांदेखत चालला होता आणि त्याला अडवायला माझ्याकडे काही कारणच नव्हतं. मी बरी होते ना!

मी म्हटलं, "अजून थोडा दुखतोच आहे."

खोटं होतं ते. कित्येक महिने मी ते बोलले. कोणी पाहत असलं की हात अर्ध्यावर थांबवायची, चेहरा आक्रसायची. गॅलरीत बसायच्या आधी एकदा कण्हून घ्यायची. मला त्या खोट्याची लाज वाटत नाही. माझ्या हक्काचं बसणं मला दुखण्याच्या नावावर मागावं लागलं, याची लाज ज्यांना वाटायची त्यांनी वाटून घ्यावी. पण त्या नाटकानं मी कंटाळले. आनंदाच्या आधी रोज कण्हायचं म्हणजे आनंदाची चवच जाते.

पुढचा पोळा आला. खांदशेकणीची संध्याकाळ, अंगणात धुतलेला ट्रॅक्टर, भासऱ्यांच्या हातात पळसाची पानं. या खेपेला जाऊबाईंनी न सांगता चाकाजवळ पाटही मांडला होता. मी पाटाकडे निघाले.

"खांदा कसा हाये मास्तरीणबाई?" भासऱ्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात, विचारपूसच होती.

मी तोंड वाकडं करणार, तेवढ्यात ओसरीवरून सासूबाई बोलल्या, "चांगला हाये. सकायी वरच्या फळीवरून बेसनाचा डबा काढला तिनं. म्या पायलं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. नवरासुद्धा. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की त्याला आत्ता सगळं कळलं.

"मंग आता कायले शेकता?" भासरे म्हणाले. "सुटली ना पीडा."

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. दुसरा खांदा दुखतो म्हणायचं, किंवा मागे वळून आत जायचं. दोन्हींचा मला वीट आला. मी पाटावर बसले आणि विचारलं, "भाऊजी, बैल दुखन्यात होते म्हनून शेकत होते का तुमी?"

"नाई," ते म्हणाले. या प्रश्नाचं उत्तर त्यांना लहानपणापासून पाठ होतं, म्हणून ते विचार न करता बोलून गेले. "दुखते म्हनून थोडी शेकतात. वर्सभर वाहते तो. त्याचा मान असते."

बोलले आणि थांबले. पानावरचं तूप त्यांच्या पायावर ठिबकत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. माझं म्हणणं त्यांनीच म्हणून टाकलं होतं.

सासूबाई मात्र हटल्या नाहीत. "थे मुकं जनावर हाये," त्या म्हणाल्या. "त्याले मांगता येत नाई, म्हनून आपून देतो. बाईले तोंड हाये."

"तोंड हाये म्हनूनच मांगून राहिली, आई."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी नजर खाली केली नाही. सून झाल्यापासून मी त्यांच्यासमोर कितीतरी वेळा खाली पाहिलं होतं. त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लोटलं. दाराचा आवाज मोठा झाला. मला वाईट वाटलं, पण पाटावरून उठावंसं वाटलं नाही.

नवरा पुढे आला. वाटी उचलायला वाकला, बहुधा तोच मला तूप लावणार होता. पण त्याच्या आधी जाऊबाई आल्या. मला वाटलं गेल्या वर्षीसारखं पान उचलतील. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि मला पाटावरून उठवलं. क्षणभर मला धक्का बसला, वाटलं याही तिकडच्याच. मग त्या स्वतः पाटावर बसल्या. भर अंगणात, नवऱ्यासमोर, दिरासमोर. पदर खांद्यावरून थोडा बाजूला केला आणि माझ्याकडे पाठ केली.

मी पान तुपात बुडवलं, उजव्या हातानं. त्यांचा खांदा मी कधी पाहिला नव्हता. गळ्याजवळ फवारणीच्या पंपाच्या पट्ट्यानं काळपट वळ उठला होता, रुंद आणि गुळगुळीत, जुन्या बैलाच्या खांद्यावर असतो तसा. मी त्यावर पान टेकवलं आणि माझ्याही तोंडून तेच निघालं, जे सगळ्यांच्या तोंडून निघतं.

"लई दुखते का, ताई?"

"माहं काईच दुखत नाई," जाऊबाई मोठ्यानं म्हणाल्या, आतल्या दारापर्यंत ऐकू जाईल असं. "तू लाव."